दोन्ही हातांनी द्या

“नाव सांगा.”

सकाळी सहा वाजता, डोळ्यांवरची झोप उतरलेली नसताना, आमच्या गावातल्या शंभर-दीडशे माणसांना रोज हे ऐकावं लागायचं. विचारणारा माणूस त्या सगळ्यांना लहानपणापासून ओळखत होता. निम्म्यांच्या लग्नात ते पंगतीला वाढायला होते. तरीही दुधाची किटली पुढे आली की ते मान वर करणार, चष्म्यावरून तोंडाकडे पाहणार आणि म्हणणार, “नाव सांगा. पूर्न.”

हिवरे बाजारच्या अलीकडे आमचं गाव. गावच्या दूध संकलन केंद्रावर ते फॅट काढायला होते, म्हणजे आलेल्या दुधाचा नमुना मशीनला लावायचा आणि पावती हातात द्यायची. केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीच्या कडेचं पत्र्याचं शेड. रस्त्याच्या पलीकडे माझं मेडिकल. त्यामुळे त्यांचा हा खेळ मी बारा वर्षं समोर बसून पाहिला आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातली पहिली काही वर्षं नाक मुरडण्यात घालवली आहेत.

नाव सांगून सुटका होत नसे. किटली एका हाताने पुढे केली की ते हातच लावत नसत. “दोन्ही हातांनी द्या. लक्ष्मी हाय.” मग ती किटली दोन्ही हातांनी छातीइतकी उचलून त्यांच्या हातात द्यायची. देवाधर्माचं नाव घेतल्यावर कोण वाद घालणार? लोक निमूट उचलायचे. त्यावर शेवटी एक विनोद. विनोद कसला, तुम्हीच बघा. “आज बी पांढरंच आनलं व्हय दूध?” हाच, एवढाच, वर्षानुवर्षं. आणि समोरचा हसेपर्यंत ते पावती धरून बसत. रांगेतले लोक ओरडायचे, “आरं हस की बाबा, आमाला शाळा-कॉलेजला पोरं धाडायचीत!” मग तो बिचारा दात दाखवायचा आणि पावती सुटायची.

गाव त्यांना मामा म्हणायचं. ते मला ‘मेडिकल’ म्हणायचे. नुसतं मेडिकल. मी डी.फार्म. झालेला माणूस, सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरमागे लावलेलं, आणि दहावीला दोनदा बसलेला हा गृहस्थ मला दुकानाच्या नावाने हाक मारतो, हे मला फार लागायचं.

त्यात एका डिसेंबरात त्यांनी माझी इज्जतच काढली. आमच्याकडचा एक पन्नाशीचा शेतकरी सकाळी दुकानात आला. पाईप उचलताना उसण भरली म्हणाला. डावा खांदा धरलेला, जबडाही दुखतोय, जरा मळमळतंय. उसण तर उसण. मी बाम दिला, मळमळीला गॅसची पुडी दिली आणि तो दूध घालायला पलीकडे गेला. पाच मिनिटांत मामा त्याला दंडाला धरून परत माझ्या दारात.

“मेडिकल, याचा शर्ट बघा.”

शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर अशी थंडी की लोक कानाला मफलर बांधून होते.

“उसनीला येवढा घाम येतो का?”

“येतो कधीकधी,” मी म्हणालो. दिलेलं औषध परत घ्यायची माझी तयारी नव्हती, दुसरं काही नाही.

त्यांनी वाद घातला नाही. त्या माणसाला एक पाऊलही चालू दिलं नाही, समोरून येणारी गाडी थांबवली आणि नगरला धाडलं. हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद झालेली निघाली. तो माणूस आजही धडधाकट आहे. बाम मात्र माझ्याकडून घेत नाही.

आता, ते दर वेळी बरोबर असायचे असं समजू नका. एकदा त्यांनी एका धट्ट्याकट्ट्या माणसाला रांगेतून बाहेर काढलं, कारण त्याचा गाल एका बाजूला लटकलेला आणि बोलणं जड. बाकावर बसवलं, गाडी बोलावली, त्याच्या बायकोला निरोप गेला. ती रडत ओरडत आली. तेव्हा त्या माणसाने बाजूला वळून एक भली मोठी तंबाखूची गोळी थुंकली आणि म्हणाला, “मामा, काय झालं हो?” गाव आठवडाभर हसलं. मी सगळ्यांत जास्त. मामांना त्याचं काही नव्हतं. “तंबाखू निघाली, बरंच झालं की,” एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच माणसाला, “तोंड रिकामं करा. नाव सांगा.”

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची, कांदा काढणीच्या दिवसांतली सकाळ. माझे वडील, अण्णा, नेहमीप्रमाणे स्वतः दूध घेऊन केंद्रावर गेले. वय एकाहत्तर, पण किटली दुसऱ्याला धरू द्यायचे नाहीत. दूध घातलं, नाव सांगितलं, विनोदाला हसले, पावती खिशात घातली आणि शेडच्या ओट्यावर रोजच्या मंडळींत चहाला बसले. मी समोर शटर उघडून फडकं मारत होतो. चहा झाल्यावर अण्णा उठले, रिकामी किटली उचलली आणि ती हातातून पडली. त्यांनी वाकून पुन्हा उचलली. पुन्हा पडली.

ओट्यावरचे हसले. “अण्णा, रिकामीच हाय की, जड लागली व्हय?”

अण्णाही हसले. मी रस्त्यापलीकडून पाहिलं, आणि मलाही हसूच आलं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही. म्हातारपणी हात सुटायचाच, असं मनात आलं आणि मी पुन्हा फडकं मारू लागलो.

मामा मशीन सोडून उठले. रांग तशीच ठेवून बाहेर आले, अण्णांच्या समोर उभे राहिले.

“अण्णा, नाव सांगा.”

अण्णांनी काहीतरी म्हटलं. ‘सकाळीच सांगितलं की,’ असं असावं, पण शब्द एकमेकांत कालवून आले. कोणीतरी पुन्हा हसलं.

“गप बसा!” मामा ओरडले. त्यांना ओरडताना गावाने कधी ऐकलं नव्हतं. “अण्णा, दोन्ही हात वर धरा. असे.”

डावा हात वर गेला. उजवा थोडा उठला आणि हळूहळू खाली आला. उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली होती आणि अण्णांना त्याचा पत्ता नव्हता.

मनगटावरच्या घड्याळात बघत मामा म्हणाले, “सात वाजून चार मिनिटं. ध्यानात ठेवा समद्यांनी.”

मी धावत गेलो. बीपी मोजायचं मशीन घेऊन गेलो. वरचं एकशे नव्वद. बीपी झटकन उतरवायची गोळी माझ्याच दुकानात होती, ती आणली, अण्णांच्या जिभेखाली ठेवणार तोच मामांनी माझं मनगट धरलं.

“ती ठिवा खाली, मेडिकल.”

“एकशे नव्वद आहे! नस फुटेल!”

“किती उतरवायचं ते डाक्टर ठरवंल. आपन न्हाई.”

“माझे वडील आहेत ते!”

“म्हनून तर म्हनतो.” आणि कोणीतरी अण्णांच्या ओठाला लावलेला पाण्याचा पेला त्यांनी काढून घेतला, रस्त्यावर ओतून टाकला. “पानी न्हाई, च्या न्हाई, काय न्हाई. नरड्यात जाईल.”

तोवर गर्दी जमली होती. आमचे एक चुलते पुढे झाले. वयाने सगळ्यांत मोठे, त्यांच्यापुढे बोलायची आमच्यात पद्धत नाही. “अंगावरून वारं गेलंय,” ते म्हणाले. “मळ्यातल्या वस्तीवर कबुतरं हायेत. गरम रगत चोळायचं. पार डोंगरापल्याड एक जन औशद देतो, त्याच्याकडं नेऊ. तिसऱ्या दिवशी मानूस चालतो.”

आणि कबुतर आणायला एक जण मोटरसायकलला किक मारून गेलासुद्धा.

माझं काय चाललं होतं म्हणाल? लाज वाटते, पण मी गप्प उभा होतो. अण्णा माझ्याकडे एकटक बघत होते, त्यांचं तोंड उजवीकडून खाली ओघळलेलं, आणि मी चुलत्यांना नाही म्हणू शकत नव्हतो. फ्रेम केलेलं सर्टिफिकेट रस्त्यापलीकडे दुकानाच्या भिंतीवर होतं.

मामा माझ्या कानाशी आले. हळू आवाजात म्हणाले, “मेंदूची नळी बंद झालीय. ती खोलायचं इंजेक्षन असतंय. साडेचार तासांत गेलं तर उपेग. सात चारला सुरू झालं. साडेअकराच्या आत. तुमी व्हय म्हना फक्त.”

मी व्हय म्हणालो.

अॅम्ब्युलन्सला फोन लावला होता, पण ती दुसऱ्या गावाला बाळंतिणीला घेऊन गेलेली. यायला पाऊण तास लागणार. केंद्रासमोर डेअरीचा टेम्पो उभा होता, अर्धे कॅन चढलेले. मामांनी ड्रायव्हरला सांगितलं, “कॅन उतरव.”

“मामा, उनाचं दूध नासंल. साहेब मला—”

“नासू दे. साहेबाला माझं नाव सांग.”

चाळीस-चाळीस लिटरचे कॅन भराभर रस्त्याच्या कडेला आले. दुधाच्या ओल्या हौद्यात पोती टाकून अण्णांना एका कुशीवर निजवलं, डोकं जरा उंच. मी उशाशी, मामा पायथ्याशी. एका हाताने त्यांनी अण्णांची पोटरी धरून ठेवली होती आणि दुसऱ्या हातात फोन. नगरच्या एका हॉस्पिटलला विचारत होते, “सिटीस्कॅन चालू हाय का आत्ता? मानूस हाय का चालवायला? मग आमी येतोय.” पहिल्या हॉस्पिटलचं मशीन बंद होतं. दुसऱ्याचं चालू होतं.

वाटेत अण्णांना उलटी झाली. मामांनी मान वळवून बोटाने तोंड साफ केलं, धोतराच्या सोग्याला बोट पुसलं आणि पुन्हा घड्याळात पाहिलं. सात छत्तीस. मी नुसता “अण्णा, अण्णा” करत होतो. ते उत्तर द्यायचा प्रयत्न करायचे आणि आवाज निघायचा तो लहान मुलासारखा. माझे वडील भाऊबंदकीच्या बैठकीत अख्ख्या गावाला गप्प करणारे.

कल्याण रोडला बायपासपाशी आलो आणि टेम्पो थांबला. नेप्तीला कांद्याचा लिलाव होता. ट्रॅक्टर, पिकअप, छोटे हत्ती, एकाला एक चिकटून. रस्ता दिसेना, नुसत्या लाल गोण्या. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि कोणी ढिम्म हलत नव्हतं, कारण हॉर्न तिथे प्रत्येक जण वाजवत होता.

मामांनी हौद्यातून खाली उडी टाकली. साठीचा माणूस, गुडघे दुखायचे त्यांचे, माझ्याकडूनच तेल न्यायचे. ते टेम्पोच्या पुढे चालू लागले. प्रत्येक ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारायची आणि म्हणायचं, “दादा, पेशंट हाय. हातभर डावीकडं घे. हातभरच.” शिवी नाही, आरडाओरडा नाही. हातभर, हातभर करत त्यांनी सगळी रांग फाकवली. एका ट्रॅक्टरवाल्याने तर चाक खड्ड्यात घातलं आणि दोन गोण्या कांदा रस्त्यावर सांडला. तो कोण ते आम्हाला आजही माहीत नाही. त्याचं भलं होवो.

आठ वीसला हॉस्पिटल. तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी स्ट्रेचरबरोबर चालता चालताच मला विचारलं, “शेवटचं यांना पूर्ण ठीक कधी पाहिलं? नक्की वेळ सांगा.”

मी म्हणालो, “सकाळी. म्हणजे सात... साडेसहा असेल. उठले तेव्हा ठीकच होते बहुतेक.”

“बहुतेक चालणार नाही. झोपेतच सुरू झालं असेल तर मला हे इंजेक्शन देता येणार नाही. उलटं मेंदूत रक्तस्राव होईल. नक्की वेळ कोणाला माहीत आहे?”

त्या क्षणी मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. घरात एकत्र राहतो आम्ही, आणि आपला बाप सकाळी किती वाजता कसा होता हे मला ठाऊक नव्हतं.

मामांनी अण्णांच्या खिशात हात घातला आणि दुधाची पावती काढली. चुरगळलेली, उलटीचा ओघळ लागलेली.

“सहा बावन्न,” ते म्हणाले. “हितं छापलंय बघा. तवा दोन्ही हातांनी किटली उचलून दिली माझ्याकडं. नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. हसले, तोंड सरळ. सात चारला किटली पडली.”

बाईंनी पावती उलटसुलट पाहिली. “तुम्ही कोण? आरोग्य खात्यात आहात?”

“न्हाई. मी फॅट काढतो.”

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. बीपी त्यांनी त्यांच्या पद्धतीने, शिरेतून, बेताने उतरवलं आणि नऊच्या आत इंजेक्शन सुरू झालं. बाहेरच्या बाकावर मी आणि मामा. दोघांच्या अंगाला दुधाचा आणि उलटीचा वास. मी विचारलं, “मामा, हे सगळं तुम्ही शिकलात कुठं?”

“घरी.”

त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली आहे हे गावाला माहीत होतं. मलाही. तिच्या पाठीला लावायची पावडर, जखमेचं मलम ते दर महिन्याला माझ्याकडूनच न्यायचे. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की हे झालं कसं.

“चूळ भरत हुती,” ते म्हणाले. “पानी एका बाजूनं गळालं. मला म्हनली, तोंड जड झालंय. मी म्हनलो, पड जरा, दुधाचा टाईम झालाय. नऊला घरी गेलो तर हात हालंना. मग ते कबुतरं, औशदवाला, समदं झालं. चौथ्या दिवशी नगरला आनली. डाक्टरनं इचारलं, कधीपासून? मी म्हनलो, परवा... तेरवा... डाक्टरनं नुसता पेन खाली ठिवला.”

मग म्हणाले, “सरळ म्हनलं असतं, तोंड दाखवा, हात वर करा, तर लोक म्हनले असते याचं डोकं फिरलंय. लक्ष्मी म्हनलं की करत्यात.”

मी त्यांचा हात धरला.

अण्णा वाचले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं नाव घेतलं. सहा आठवड्यांत काठी घेऊन चालू लागले. इकडे गावात मात्र त्या सकाळचं दूध नासलं म्हणून कुरबुर झाली, डेअरीच्या साहेबाने मामांना सगळ्यांदेखत झापलं. ते उभे राहून ऐकून घेत होते. चुलत्यांना अण्णांचा चालणारा पाय दिसल्यावर तेही एके सकाळी रांगेत आले आणि किटली दोन्ही हातांनी उचलून म्हणाले, “घ्या, मामा.”

आता मामा गावात नाहीत. गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. मुलगी अकोल्याकडे दिलेली, ती येऊन त्यांना घेऊन गेली. केंद्रावर नवं मशीन आलंय. कार्ड लावा, दूध ओता, पावती घ्या. समोर बसलेला माणूस मोबाईलमधून मान वर काढत नाही. मी आता आपणहोऊन काउंटरवरून लोकांच्या तोंडाकडे पाहतो, पण मला त्यांच्यासारखं दिसत नाही, हे कबूल करतो.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली आहे. सांगावी की नको असं करत इथपर्यंत आलो.

अण्णा चालायला लागल्यावर हट्ट धरून बसले, मामांच्या घरी जायचं. मी साखर, नारळ, टॉवेल-टोपी घेतली आणि त्यांना घेऊन गेलो. मामांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. एक खोली, स्वच्छ सारवलेली. खाटेवर त्यांची बायको. वाटीतला चहा मामा तिला चमच्याने पाजत होते. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला. चहा टाकला. अण्णा खुर्चीवर बसले, खाटेकडे बघून म्हणाले, “वहिनी, बरं हाय का?” शब्द सुटे, स्वच्छ. ती नुसती बघत राहिली. घशातून काहीसा आवाज आला.

मग अण्णांनी कप उचलला. उजव्या हाताने. हात जरा थरथरला, बशीत चार थेंब सांडले, पण कप ओठापर्यंत गेला आणि परत बशीत येऊन बसला.

मामा त्या कपाकडे पाहत होते. कप वर जायचा तशी त्यांची नजर वर जायची. मी टॉवेल-टोपी पुढे केली ती त्यांना दिसलीच नाही. त्यांच्या हातातला चमचा तसाच धरलेला राहिला आणि खाटेवरची ती बाई तोंड उघडं ठेवून वाट पाहत होती.

“हिला बी येवढं झालं असतं,” ते म्हणाले. “येवढंच. कप धरन्यापुरतं.”

चमचा वाटीत ठेवून ते उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. अण्णांनी कप खाली ठेवला. मी उगाच आलो, आपल्या बापाचा बरा झालेला हात या घरात दाखवायला आणला, असं वाटून मला तिथे बसवेना आणि उठवेनाही.

तिचं तोंड अजून उघडंच होतं. मी खाटेच्या कडेला बसलो, वाटी घेतली आणि चमचाभर चहा तिला पाजला. मला जमलं नाही. निम्मा चहा एका कोपऱ्यातून तिच्या गळ्यावर ओघळला. टॉवेल नवा होता, त्यांच्यासाठी आणलेला. त्याची घडी मोडून मी तिची हनुवटी पुसली आणि दुसरा चमचा अर्धाच भरला.